वहिनीचे गडी

वहिनी माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघायची, आधी मानेकडे. नवा माणूस दारात आला की तिची नजर त्याच्या मानेवरून खांद्यावर आणि खांद्यावरून कोपरावर उतरायची, आणि मग कुठे ती ‘या, बसा’ म्हणायची. मला बघायला सांगलीचा मुलगा आला, तेव्हा पोह्यांच्या रिकाम्या बशा घेऊन ती आत आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, “वन्सं, पोरगा बरा हाय. पर खांदं आईकडं झुकल्यात. आई बोलली की मान तिकडंच वळतीया.” लग्नाला आता बरीच वर्षं झाली. अजूनही सासूबाईंनी हाक मारली की आमच्या ह्यांची मान आधी वळते आणि पाय मागून निघतात.

वहिनी माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. माहेर वडूजकडच्या एका कोरडवाहू गावातलं. दादा फौजेत, आमचं घर मलकापुरात आणि ऊस नदीकाठाला. लग्न ठरलं तेव्हा ती साताऱ्यात राहून चित्रकलेच्या शिक्षिकेचा कोर्स करत होती. शेवटचं वर्ष राहिलं होतं. ‘ते लग्नानंतर करू दे की,’ असं आमच्याकडच्यांनी बोलणी करताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं. लग्नानंतर तो विषय कुणी काढला नाही. तिनेच एकदा काढला, तेव्हा आई म्हणाली, “उसाला तोड आलीया, आन् आता कुठं साताऱ्याला जातीस?” पुढच्या वर्षीही ऊस होताच.

त्या घरात तिच्या हाताला काम मिळालं ते माझ्या धाकट्या भावामुळे, हे मान्य करायला हवं. पंकज कराडला इंजिनिअरिंगला होता आणि त्याला फिगर जमवायचा नाद होता. फिगर म्हणजे दीड वीत उंचीचे, सगळे सांधे हलणारे, बाहेरच्या देशांतून येणारे योद्धे नि सैनिक. शोकेसमध्ये ओळीने उभे असायचे. एकदा त्यातला एक आईच्या झाडूने खाली पडला आणि त्याचा पाय मांडीतून निखळला. पंकजने दिवसभर कुणाशी बोलणं टाकलं. वहिनीने तो पडलेला गडी उचलला, जत्रेतून आणलेल्या एका स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या पैलवानाचा पाय काढला, खुंटी कानशीने घासून बारीक केली आणि त्या परदेशी मांडीत बसवली. रंग मात्र जुळेना. मग तिने जुनी रंगपेटी शोधून काढली. संध्याकाळी पंकजने फिगर हातात घेतली आणि नवा पाय कुठला ते त्याला ओळखता येईना.

त्यानंतर आमच्या माडीवरची मागची खोली वहिनीची झाली. पंकज वेगवेगळ्या कंपन्यांचे सुटे भाग मागवायचा. एकाचं धड, दुसऱ्याचं डोकं, तिसऱ्याचे हात. हे भाग एकमेकांसाठी बनवलेले नसतात. एका कंपनीची मानेची खुंटी जाड, दुसऱ्याची खोबण बारीक. एकाची कातडी गुलाबी, दुसऱ्याची मेणासारखी पिवळट. वहिनी खोबण लांबीने, म्हणजे पुटीने, भरायची, सुकली की पुन्हा भोक पाडायची आणि पॉलिश पेपरने घासत बसायची. सगळ्यांना ती ‘गडी’ म्हणायची. पार्सल उघडून बघितलं की खाली येऊन सांगायची, “आज पाच गडी आल्यात, कामाचं दोनच हायती.” प्लॅस्टिक मऊ व्हायला गरम पाणी लागतं. एकदा आई स्वयंपाकघरात गेली आणि ओरडतच बाहेर आली, “आगं रंजना, च्याच्या पातेल्यात मुंडकी उकडतीयास व्हय गं?” त्या दिवशी घरात कुणीच चहा प्यालं नाही. वहिनी मात्र हसून हसून भिंतीला टेकली होती. तिला तसं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं.

पंकज फोटो काढायचा आणि इंटरनेटवर टाकायचा. लोक वेडे व्हायचे. मग बंगलोर, पुणे, कुठून कुठून मागण्या यायला लागल्या. पान पंकजच्या नावाचं, फोटो पंकजचा, उत्तरं पंकजची. “विंग्रजीत लिवायचं मला न्हाई जमत, भावजी, तुमीच बगा,” असं सुरुवातीला वहिनीच म्हणाली होती, आणि हे वाक्य पुढे पंकजने फार जपून ठेवलं. मिळकतीचं ती कधी विचारायची नाही. सुटे भाग वेळेवर यावेत, एवढंच तिला हवं असायचं.

तिची तक्रार होती ती बनवणाऱ्यांवर. “वन्सं, ह्यांच्या हाताकडं बगा. सगळ्या मुठी. ह्येच्यात तलवार, त्येच्यात बंदूक. कुनाच्या पाठीवरनं फिरवावा असा एक हात न्हाई.” बायकांच्या फिगर बघून तर ती चिडायची. मुंगीसारखी कंबर आणि टाचा कायम वर उचललेल्या. “ह्या बाया उभ्या कशा ऱ्हायच्या? टाच भुईला टेकतच न्हाई. आन् म्हातारी बाई तर कुनी बनवतच न्हाई. जनू म्हाताऱ्या बाया जगात न्हाईतच.”

म्हणून तिने स्वतःच एक बनवायला घेतली. कुणी मागितलेली नव्हती. धड एका पैलवानाचं घेतलं, खांदे तासून उतरते केले. पाय एका अनवाणी भिक्षूचे. डोकं एका म्हाताऱ्या जादूगाराचं. त्याची दाढी तिने पात्याने खरवडून काढली, गाल बसवले आणि कपाळावर गोंदण काढलं. हात मिळेनात. शेवटी मंत्र टाकणाऱ्या कुठल्याशा बाहुल्याचा उघडा पंजा तिला सापडला. तो तिने कपाळावर आडवा धरवला, उन्हाकडे बघताना धरतात तसा. दुसऱ्या हाताच्या मुठीत पदराचं टोक दिलं. आपल्याच जुन्या लुगड्यातून नऊवारी कापून नेसवली.

मी माहेरी आले होते तेव्हा तिने मला ती दाखवली.

“कोण आहे?” मी विचारलं.

“आमची आय. मी साताऱ्यात शिकाय हुते तवा शनवारची एस्टीनं घरी यायची. आय फाट्यावर अशीच हुबी असायची. गाडी दिसली की हात खाली. मी उतरले की म्हनायची, ‘आलीस व्हय? मी आपली सरपनाला आलेली.’ कायम सरपन. आन् हातात एक काटकी नसायची.”

पंकजही तिथेच होता. तो म्हणाला, “वहिनी, मस्त आहे, पण हे घेणार कोण?”

“इकायची न्हाईच,” ती म्हणाली. “आयला न्हेऊन दाखवायची हाय. तिला आता फार दिसत न्हाई. हातानं चाचपून बघंल.”

तिची आई तेव्हा गावातच होती, थकलेली. पण घरातून निघणं व्हायचं नाही. आमच्या आईचे गुडघे, उसाची लागण, वहिनीच्या लेकीची परीक्षा. त्या आठवड्यांत पंकजने ती फिगर फोटोसाठी म्हणून कराडला नेली. पुण्यात अशा फिगरवाल्यांचं मोठं प्रदर्शन होतं, स्पर्धाही होती. वहिनीला जायचं होतं. तसं ती म्हणालीही. पंकज म्हणाला, “तिथं सगळी कॉलेजची पोरं असतात. तुम्ही गर्दीत काय करणार?” आणि आईने विचारलं, “मग हितं भाकऱ्या कोन करनार?”

पंकजला पहिलं बक्षीस मिळालं. दुपारी त्याने आम्हाला व्हिडिओ पाठवला. मी माहेरीच होते; आई, वहिनी आणि मी, आम्ही तिघींनी सोप्यात बसून तो बघितला. स्टेजवर पंकज, त्याच्या हातात ती म्हातारी. कुणीतरी विचारलं, ही कोण आहे? पंकजने म्हातारी जरा वर धरली आणि तो म्हणाला, “माझी आजी. मी हॉस्टेलवरून घरी यायचो तेव्हा ती फाट्यावर अशी उभी असायची. विचारलं तर म्हणायची, मी सरपणाला आले होते.” लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

आमची आजी पंकजच्या जन्माआधीच गेली होती.

वहिनीने व्हिडिओ पुन्हा एकदा लावला. मग फोन माझ्या हातात दिला आणि चुलीवरचं दूध बघायला गेली. मी मागे गेले. दूध उतू जात होतं आणि ती ते बघत उभी होती. म्हणाली, “नाव त्यांचं लावलं, लावू द्या. बक्षीस घ्येतलं, घेऊ द्या. माजी आय कशाला घ्येतली, वन्सं?”

रविवारी पंकज ट्रॉफी घेऊन घरी आला. जेवणं चालू होती. वहिनीने त्याला वाढलं आणि समोर उभी राहून सरळ विचारलं, “भावजी, माजी आय कुठाय?”

पंकज ताटात बघत म्हणाला, “अहो वहिनी, फिगर जमवणाऱ्या एका मोठ्या माणसाने ती तिथंच विकत मागितली. नाही म्हणता आलं नाही. तुम्ही दुसरी करा ना. तुम्हाला काय अवघड आहे?”

“आन् आजी कुनाची म्हनला?”

“ते बोलायच्या ओघात आलं. वहिनीची आई म्हटलं तर लोकांना लांबचं वाटतं. आजी म्हटलं की भिडतं. गोष्ट असते ती.”

आई म्हणाली, “आगं, दिराचं नाव झालं म्हंजी घराचंच झालं की. त्यात काय येवढं?” मी पंकजला बोलायला लागले तशी आईने मला गप्प केलं, ‘तू दोन दिसांची पाहुणी, तू नको मदी पडूस.’ मग मी दादाला फोन लावला. तिकडून खरखर आणि मग त्याचा आवाज, “घरातलं घरात मिटवा. बाहेर जाऊ देऊ नका.” वहिनीने फोन कान देऊन ऐकला, ‘बरं’ म्हणाली आणि पंकजच्या ताटात दुसरी भाकरी वाढली.

तिने आरडाओरडा केला नाही. फक्त माडीवर जाणं बंद केलं. पंकज नव्या मागण्या घेऊन यायचा, गोड बोलायचा, एकदा पायाही पडला. ती म्हणायची, “नदर लागत न्हाई आता.” तिची नजर चांगली होती, सुईत दोरा ती पहिल्या फटक्यात ओवायची. सुटे भाग पिशव्यांत तसेच पडून राहिले. मग एका उन्हाळ्यात आईने ती खोली कांद्यांसाठी रिकामी करून घेतली.

पंकज बुडला असता तर ही हकिकत सांगायला सोपी गेली असती. तो बुडला नाही. त्या बक्षिसावर त्याला पुण्यात खेळण्यांच्या कंपनीत नोकरी लागली. त्याच्या हाताखाली काम करणारे लोक आहेत. त्याचे हात स्वच्छ असतात आणि तो फार सुंदर बोलतो.

वहिनीची आई गेली ती त्या म्हातारीला न चाचपताच. दहाव्याला मी सांगलीहून वहिनीच्या माहेरी गेले. पंकज पुण्याहून गाडी घेऊन आला. सोप्यात आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला फोटो ठेवला होता, हार घातलेला. पंकजने हात जोडले आणि तो मागे सरकायला लागला. वहिनी कोपऱ्यात बायकांत बसली होती. तिथूनच ती मोठ्याने म्हणाली, “नुसतं हात जोडून कसं भागंल, भावजी? पाया पडा की. आजी न्हवं का तुमची?”

तिच्या एका चुलत्याला वाटलं, दुःखाने पोरीचं भान सुटलं. तो हळू म्हणाला, “आगं बाई, दिराची आजी कशी हुईल ही?”

“त्यास्नीच इचारा, आण्णा,” वहिनी म्हणाली.

कुणी विचारलं नाही. पंकज वाकला, फोटोसमोर डोकं टेकवलं आणि उठून चपला शोधायला बाहेर गेला. मी बाहेर आले तर गाडीशी उभा होता. म्हणाला, “ताई, एवढ्या लोकांत हे जरा जास्तच झालं, नाही का?” मी परत आत गेले.

पुढे दादाला उत्तरेकडे कुटुंबासाठी क्वार्टर मिळालं आणि वहिनीने निघायचं ठरवलं. आईने गुडघ्यांचं काढून बघितलं. या वेळी वहिनी थांबली नाही. कराड स्टेशनवर मी त्यांना पोचवायला गेले. दादा लेकीला घेऊन बॅगा लावत होता. मी वहिनीला विचारलं, “तिकडे पुन्हा काही करशील का?”

“काय करू? अजून एक आय?” ती म्हणाली. मग तिने पर्समधून फोन काढला. “ह्ये बगितलं का तुमी?”

पंकजचं पान होतं. वहिनीने घडवलेल्या त्या म्हातारीचा फोटो, भोवती काळी चौकट, आणि कपाळावरच्या हातावरून तिरकं पंकजचं नाव. खाली त्याने लिहिलं होतं: ‘आजी गेली. मला उभं राहायला तिनंच शिकवलं.’ त्याखाली अनोळखी माणसांनी जोडलेल्या हातांची रांग, संपतच नव्हती.

वहिनीने फोन परत घेतला.

“चला,” ती म्हणाली, “भावजींनी सुतक तरी पाळलं.”

गाडी आल्याचं ओरडत दादा आमच्याकडे आला. आमचे चेहरे बघून त्याने विचारलं, “काय गं, काय झालं?”

“काय न्हाई,” वहिनी म्हणाली. “तुमची आजी वारली म्हनं.”

तिने लेकीचा हात धरला, हातातली पिशवी त्याच्याकडे दिली आणि डब्यात चढली.