बशीवरची पार्वती

आमच्या चिखलीच्या घरी चिनी मातीची एक जुनी बशी आहे. आजोबा इंग्रज साहेबाच्या कचेरीत कारकून होते. साहेब मायदेशी जाताना ती देऊन गेला. बशीवर एक पांढरा बैल, त्याच्या पाठीवर बसलेली बाई, खाली निळं पाणी. बैल म्हणजे नंदी आणि बाई म्हणजे पार्वती, हे घरात ठरलेलंच होतं. आमच्याकडे ना शेती ना बैल. म्हणून पोळ्याला आई ती बशीच पाटावर मांडायची, पार्वतीला कुंकू लावायची, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायची.

"मायेराले चालली पारबती," असं दर पोळ्याला म्हणायची.

आईचं माहेर जानेफळ. बाबांचं आणि मामाचं एका लग्नात मानपानावरून वाजलं, तेव्हापासून तिचं जाणं तुटलं. पुढे बाबा गेले, मामाही गेला, तरी तिला न्यायचं कुणाला सुचलं नाही. तिनंही कधी तोंड उघडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मला अक्कल सुचली. मी बशीचा फोटो पुण्याच्या एका जाणकार मित्राला पाठवला. त्यानं कळवलं, बशी चीनची, पण चित्र युरोपातलं. कोरी भांडी तिकडं जायची आणि तिथले चित्रकार त्यांवर ग्रीक पुराणातल्या गोष्टी रंगवायचे. ही पार्वती नव्हेच. एक देव बैल होऊन आला, पोरगी हौसेनं पाठीवर बसली आणि त्यानं तिला समुद्रापार पळवून नेलं.

मी मास्तर माणूस, माझ्या पोटात काही राहत नाही. ऐन पोळ्याच्या सकाळी आईला सगळं सांगितलं. तिचं कुंकवाचं बोट तसंच थांबलं.

"म्हंजे मायेराले नाही चालली ते?"

"नाही."

"मंग वापस तरी आली का?"

"नाही आली, आई."

तिनं बोट पदराला पुसलं आणि बशी कपाटात ठेवून दिली. त्या दिवशी ती जेवली नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या शहाणपणानं आईचा होता नव्हता तो बैलही गेला.

पुढचा पोळा तिनं पाहिला नाही. परवा मी बशी बाहेर काढली. वर्षानुवर्षं कुंकू लावून पुसल्यानं बाईचा चेहरा पार गेलाय. मित्र म्हणतो, रंग वरून दिलेला असला की असं होतं.

चीन, युरोप सगळं मी बसल्या जागी शोधून काढलं. जानेफळ इथून एसटीनं दीड-दोन तासांवर आहे. तिथे मी आईला एकदाही नेलं नाही.