राखेची रेघ

माझ्या थोरल्या काकाइतका संशयी माणूस साऱ्या जव्हार संस्थानात दुसरा नव्हता, आणि असता तरी काकाने त्याच्यावर विश्वास ठेवला नसता. सूर्यमाळेच्या डोंगरावर आमचा पाडा. नागली बरी पिकली तर होळीपर्यंत भाकर, पुढे रानातले कंद, आणि उन्हाळ्यात कंद उकडायलाही पाणी नाही, अशी आमची श्रीमंती. त्या काळी वेठ होती. कुणी अंमलदार डोंगरावर आला की त्याचं सामान आणि डोलीत बसलेला तो स्वतः, पुढच्या मुक्कामापर्यंत पाड्यातल्या पुरुषांनी फुकट वाहून न्यायचा. घरात जितके पुरुष तितक्या पाळ्या. "जरा डोलीला खांदा दे, लगेच परत येशील," असं सांगून एक शिपाई माझ्या बापाला घेऊन गेला. घाट उतरताना बाप डोलीखाली घसरला, आणि चौघांच्या खांद्यावरूनच घरी आला. तेव्हापासून 'जरा' आणि 'लगेच' असं बोलणाऱ्याला काकाने उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. मला मात्र त्याने घेतलं, ते कायमचं. त्याला स्वतःचं मूल नव्हतं.

खळ्यावर धान्याची रास पडली की तिच्याभोवती राखेची रेघ ओढायची, म्हणजे रातोरात कुणी हात घातला तर कळतं, ही आमच्याकडे सगळ्यांचीच रीत. काकाने ती घरभर नेली. कणगीभोवती रेघ, भाताच्या मडक्याभोवती रेघ, अंड्यांवर बसलेल्या कोंबडीभोवतीसुद्धा रेघ. काकी म्हणायची, "आता माझ्याभवती तेवढी मारायची राहिली." काका विचारात पडून म्हणायचा, "तू कुठं जाशील?" पण आवाजात पुरती खात्री नसायची. एकदा सकाळी कणगीजवळची रेघ मोडलेली, राखेत अख्खं पाऊल उमटलेलं. काकाने पाड्यातल्या झाडून साऱ्या पुरुषांना बोलावून त्या ठशात पाय ठेवायला लावला. कुणाचाच बसेना. शेवटी पलीकडच्या खोपटातला त्याचा मैतर म्हणाला, "तुजाबी ठेव की!" काकाने ठेवला. बोटांसकट बसला. सगळे हसून लोळले, पण काका पायाकडे बघत गंभीरपणे म्हणाला, "याच्यावर मला आधीपासनंच संशय होता."

मोखाड्याच्या बोहाड्यात देवादिकांची सोंगं नाचत आली की लोक हात जोडत. काका सोंगांचे पाय न्याहाळी. "नरसिंव आपल्याच पाड्याचा हाय," तो माझ्या कानात सांगे, "गेल्या साली माजा कोयता नेला, अजून दिला नाय." जव्हारच्या बाजारात एका वाण्याने चवीला गुळाचा खडा दिला, तो काकाने खाल्ला आणि मीठ शेजारच्या दुकानातून घेतलं. "गूळ फुकट देतो, म्हंजे मिठात कायतरी हाय." पण या संशयाने पाड्यातलं कुणी उपाशी मात्र राहिलं नाही. कुणीही दारात येऊन "जेवून आलोय" म्हणाला की काका डोळे बारीक करी. "खोटा बोलतोस. तोंड सुकलाय. बस." मग स्वतःच्या पुढ्यातली भाकर त्याच्यापुढे सरकवी आणि तो ती खरंच खातो की नाही, याची शेवटच्या घासापर्यंत राखण करी.

पुढे एक दिवस पाड्यावर शिपाई आला. पोरं शाळेत घालायची आहेत म्हणाला. काकाला वेठीचा वास आला. त्याने मला उचलून कणगीत टाकलं आणि वर सूप झाकलं. नागलीचा भुसा नाकात गेला नि मी शिंकलो.

"आत काय हाय?" शिपायाने विचारलं.

"उंदीर."

"उंदीर शिंकतो?"

"आमच्याकडचा शिंकतो. गार हवा हाय."

शिपाई हसत निघून गेला. पण काकाची झोप उडाली. पोरगा नेतात, फुकट बसवतात, पाटी देतात, आणि पाठीवर काहीच देत नाहीत? बघितलंच पाहिजे. तो मला घेऊन जव्हारला गेला, मला वर्गात बसवलं आणि स्वतः समोरच्या झाडाखाली बसला. दुसऱ्या दिवशीही तिथंच. शेवटी मास्तर बाहेर आले.

"काय बघता, बाबा?"

"पोरांना मागल्या दारानं कुठं नेतात का, ते."

मास्तरांनी त्याला मागलं दार दाखवलं. काकाने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि त्या उंबऱ्यावर राखेची रेघ ओढली. मास्तर भले माणूस. झाडणाऱ्याला म्हणाले, "तेवढी रेघ झाडू नको." मी त्या शाळेत राहिलो तो असा. विश्वासाने नव्हे, बंदोबस्तात.

त्यानंतर दर बाजारच्या दिवशी काका यायचा आणि आल्या आल्या म्हणायचा, "सदरा काढ." मग अंगठ्याने माझे दोन्ही खांदे दाबून बघायचा. डोलीच्या दांड्याने खांद्याला घट्टा पडतो, तो शोधायचा. पोरं ओरडायची, "बैलबाजार भरला रे! दात पण बघा!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. काकाला काही नाही. खांदे मऊ निघाले की मान हलवायचा आणि म्हणायचा, "अजून तरी नाय. पण ध्यान ठेव." पुढे मी नाशिकला गेलो, तिथून मुंबईला कॉलेजात. सुटीत घरी आलो की मिशी फुटलेल्या मलाही सदरा काढावा लागे. काका स्वतः मात्र भर उन्हाळ्यातही खांद्यावरचं कांबळं खाली ठेवत नसे, आंघोळीलाही एकटाच ओहळाच्या वरच्या अंगाला जाई. आता मलाही त्याचाच गुण लागलेला, म्हणून मी विचारलं, तर मैतर घाईघाईने म्हणाला, "कांबळ्यात हंडा हाय त्याच्या, मोहरांचा!" त्याची ती घाई मला तेव्हाही खटकली होती.

बी.ए. होऊन मी डोंगर चढून घरी आलो. काकाने सनद हातात घेतली, वास घेतला. "वाच." मी वाचली, अर्थ सांगितला. त्याने कागद उलटा केला. "आता ही बाजू." मी म्हटलं, "काका, ती कोरी आहे." तो उडालाच. "कोरी सोडली? उद्या कायपण लिवतील! रेघ मार!" माझ्या सनदेच्या पाठीवर आजही या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत कोळशाची रेघ आहे. मग तो म्हणाला, "सदरा काढ."

त्याच पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन काका गेला. शेवटची आंघोळ घालताना मी आणि मैतराने कांबळं बाजूला केलं. उजव्या खांद्यावर घट्टा होता. तो पाड्यातल्या सगळ्याच पुरुषांना असतो. डोली वाहणाऱ्याची बाजू ठरलेली असते, म्हणून एकाच खांद्याला. काकाच्या डाव्या खांद्यावरही तसाच होता. मी काकीकडे बघितलं.

"तू जाणता झालास तशी घराला दुसरी पाळी लागली," ती म्हणाली. "तू तर शाळेत. मंग तुजीबी त्यानंच भरली. म्हनायचा, माजी उजव्यावर, पोऱ्याची डाव्यावर. एकात एक मिसळायचा नाय. आनि त्याला कळू द्यायचा नाय, नायतर शाळा सोडून येल."

आमच्याकडे माणूस जिथे गेला तिथे राख पसरून वर टोपली पालथी घालतात. सकाळी राखेत पाऊल दिसलं की तो कोणत्या जन्माला गेला ते कळतं, असं म्हणतात. मैतराने टोपली उचलली. राख जशीच्या तशी होती. काकी मुसमुसायला लागली. मैतर बराच वेळ वाकून बघत राहिला, मग डोळे पुसत म्हणाला, "पाऊल उमटवून सापडायचा नाय तो. एकदा सापडला होता ना."

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. माझे दोन्ही खांदे मऊ आहेत.