नाचातले साहेब

डहाणूपासून तलासरीपर्यंत एकही पक्ष असा नाही, ज्याचं चिन्ह मी भिंतीवर रंगवलं नाही. या धंद्याचा नियम सोपा. पुढारी मोठा काढायचा, जरा उजळ काढायचा, आणि लोक त्याच्या गुडघ्याएवढे. राजेरजवाडेही चित्रकारांकडून हेच करून घ्यायचे, असं एका मास्तरांनी मला सांगितलं होतं. म्हणजे मी काही नवीन पाप करत नव्हतो.

मग फ्लेक्स आले आणि माझा ब्रश वाळला. तेवढ्यात सायवनला आमच्या दारी एक होऊ घातलेले उमेदवार आले. आमची रस्त्याकडची भिंत त्यांना प्रचाराला हवी होती, आणि चित्र वारली हवं होतं. आली का पंचाईत! लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहायला, म्हणजे लग्नाचं चित्र काढायला, लोक बोलावतात ते माझ्या बायकोला, मला नाही.

तिने गेरूवर तांदळाच्या पिठाने तारपा नाच काढला, मधे तारपा वाजवणारा आणि भोवती हात धरून नाचणाऱ्यांचा फेर. स्वतःच्या घराची बाहेरची भिंत तिला पहिल्यांदाच मिळाली होती. रोज संध्याकाळी रस्त्यापलीकडे जाऊन ती लांबून बघायची आणि हसायची. इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

उमेदवार साहेब चित्र बघायला आले आणि त्यांनी विचारलं, यात मी कुठे? तिने नाचातला एक जण दाखवला. दोन त्रिकोण, वर डोक्याचा ठिपका, शेजाऱ्यासारखाच. साहेबांचं तोंड उतरलं. मोठा करा, नाहीतर पुसून नवीन काढा, म्हणाले. सांगायला लाज वाटते, पण मीही तिच्या मागे लागलो, काढ की जरा मोठा, आपलं काय जातंय?

ती म्हणाली, "हातात हात धरून नाचतात सगळे. एकालाच मोठा केला, तर त्याचा हात शेजारणीपर्यंत खाली पोचणार कसा?"

शेवटी चित्राखाली मी हातभर अक्षरांत त्यांचं नाव घातलं आणि वेळ निभावली.

आचारसंहिता लागली तशी चुन्याची बादली घेऊन सरकारी माणसं भिंती पुसत आली. बायको चित्राला पाठ लावून उभी राहिली. त्यांच्यातल्या मॅडमनी मला विचारलं, यातला उमेदवार कोणता? मी बोट उचललं आणि तसाच राहिलो. खरं सांगतो, मलाच ओळखू येईना! मॅडम हसल्या आणि त्यांनी फक्त नाव पुसायला लावलं. माझ्या हातचं गेलं, तिचं राहिलं.

निवडणूक होऊन गेली. साहेब अजून पाहुण्यांना घेऊन येतात आणि नाचातल्या एकावर बोट ठेवून सांगतात, हा मी. दर वेळी वेगळाच असतो. बायको दर वेळी म्हणते, "बरोबर."