हापशावर दोघी लागतात

मालनबाई शाळेत खिचडी शिजवायला लागली, तेव्हापासून तिला एक सवय लागली होती. पोरं जेवून उठली की ती हापशाकडं बघत बसायची. खुटबावजवळच्या त्या वस्तीवरच्या शाळेत पाणी म्हणजे पटांगणातला तो हापसा. एकानं दांडा हाणायचा, दुसऱ्यानं ओंजळ धरायची. ज्याला सोबती नाही, ते पोर तहानलेलंच वर्गात जायचं. नवं पोर शाळेत रुळलं की नाही, ते मालनबाईला तिथं कळायचं.

त्या वर्षी जूनमध्ये तिसरीत सोनम आली. तोवर ती आईबापाबरोबर मेंढरांमागं कोकणापर्यंत हिंडलेली. आता वस्तीवर घर झालं होतं आणि आजी बानूबाई तिथं कायमची राहणार होती. बानूबाईनं पहिल्याच दिवशी मालनबाईला गाठलं.

"पोरगी रमली तर माझ्यापाशी ऱ्हाईल. न्हाई रमली तर दसरा झाला की तिचा बाप संपत तिला परत मेंढरांमागं न्हेतो म्हणतोय. तिची शाळा सुटू नये, मालन."

बघते मी, असं मालनबाई म्हणाली आणि तिनं बघितलंही. सोनमच्या झग्याला लोकरीचा वास येतो म्हणून पोरींनी दप्तरं बाजूला सरकवली होती. जेवण झाल्यावर सोनम खरकटे हात घेऊन हापशापाशी नुसती उभी. मालनबाई पातेलं सोडून उठली आणि तिनं दांडा हाणला. दुसऱ्या दिवशीही हाणला. मग रोजचंच झालं. सोनम मधल्या सुट्टीत चुलीपाशी येऊन बसायची, लसूण सोलायची, कुठल्या कोकराला दूध कमी पडतं ते सांगायची. मालनबाईची लेक उन्हाळ्यात लग्न होऊन दौंडला गेली होती. चुलीपाशी कुणीतरी बडबडतंय, हे तिला बरं वाटायचं. पोरं सोनमला मावशीचं शेपूट म्हणायला लागली, तेही तिनं हसण्यावारी नेलं.

श्रावणात मालनबाई तापानं पडली. बरी होऊन आली तर बानूबाई दारात. पोरगी रोज घरी येऊन घटाघटा तांब्या रिकामा करत होती आणि सकाळी शाळेला निघायला रडत होती. पोरगी शाळेत रमलीच नव्हती. ती फक्त चुलीपाशी रमली होती.

त्या दिवशी सोनम खरकट्या हातानं समोर आली, तेव्हा मालनबाई म्हणाली, "माझा खांदा दुखतोय. तुझं तू बघ." आणि मान खाली घालून डाळ निवडत राहिली.

सोनमनं दांडा धरला. तिनं हापसलं की पोरी पाणी प्यायच्या आणि पळून जायच्या. मालनबाई दोनदा उठली आणि दोनदा खाली बसली. एके दिवशी सृष्टी ओंजळ धरून वाकली. वर्गात सृष्टीचं सगळ्या ऐकायच्या. सोनमनं मध्येच दांडा थांबवला.

"आता तू हापस."

"मी न्हाई."

"मग मी बी न्हाई."

सृष्टीच्या तोंडात मिरची आली होती. तिनं मैत्रिणींना हाका मारल्या, पण त्या वर्गात पोचल्या होत्या. मग ती पाय आपटत दांड्याशी गेली आणि असा जोरात हापसायला लागली, की सोनम गळ्यापर्यंत भिजली. सोनमला हसू आवरेना. तिचं असं हसणं मालनबाईनं चुलीपाशीसुद्धा ऐकलं नव्हतं. घंटा झाली तरी दोघींचं तुझी पाळी, माझी पाळी चाललंच होतं.

त्यानंतर लसूण सोलायला कुणी आलं नाही. मालनबाई पाटीतली सालं एकटीच झटकायची आणि हापशाकडं बघायची.

दसऱ्यानंतर संपत मधल्या सुट्टीत आला. मेंढरं उद्या निघणार होती.

"येतीस का गं?" त्यानं सोनमला विचारलं.

तिकडून सृष्टी ओंजळ धरून ओरडत होती. सोनम म्हणाली, "आबा, थांबा जरा, ती तहानली हाय," आणि पळाली. परत आलीच नाही.

संपतनं हापशाकडं बघितलं. मग म्हणाला, "न्हाई येत म्हंजी."

"न्हाई येत," मालनबाई म्हणाली. "आलाच हायसा तर पोरींचं झालं की तेवढं पाणी हापसून द्या. पातेलं घासायचं हाय."