लंकाबाईनं दाखवलेली गादी

भिंगारला आबासाहेबांची पत्र्याची शेड होती. तिथं लंकाबाई काचेच्या लोकरीच्या गाद्या शिवायची. साखर कारखान्यातल्या वाफेच्या पाइपांना त्या गुंडाळतात, उष्णता आतच राहावी म्हणून. दोन्ही बाजूंनी तारेची जाळी आणि मधे ती खाज सुटवणारी लोकर. संध्याकाळपर्यंत तिचे हात कोपरापर्यंत लालेलाल व्हायचे. आबासाहेब सांगायचे, "खोबरेल लाव." त्यांनी स्वतः लोकरीला कधी बोट लावलं नाही. अत्तराचा वास गेला असता ना!

आबासाहेबांना आयएसआयचा मार्क वापरायचा परवाना मिळाला, तेव्हा त्यांनी पेढे वाटले. परवाना चौकटीत बसवला, त्याला हार घातला. आणि महिन्याच्या आत गादीतली लोकर निम्म्यावर आणली. शिक्का तेवढा मोठा केला. हे थोर गृहस्थ गावात प्रामाणिकपणावर भाषणंही ठोकायचे.

लंकाबाईला सुरुवातीला नुसतं हसू यायचं. गादी उचलली की पलीकडचा उजेड दिसायचा. पण मग कोल्हारकडच्या कारखान्यात कामाला असलेला तिचा भाऊ कानिफनाथ हाताला फडकं बांधून आला.

"पाइपाला हात टेकला गं. गादी हुती वर. मार्काची!"

रात्रभर लंकाबाईच्या डोळ्यांसमोरून ते फडकं हललं नाही. टाके तर तिचेच होते.

बाहत्तरच्या उन्हाळ्यात तपासनीस आले. माधवराव म्हणून चष्मेवाले, मितभाषी गृहस्थ. आबासाहेबांनी सरबत मागवलं, फरसाण मागवलं. दाराशी एक जाडजूड गादी मांडून ठेवली होती. ती आदल्या दिवशी त्यांनी लंकाबाईकडून मुद्दाम शिवून घेतली होती. माधवरावांनी नमुना म्हणून तिलाच चिठ्ठी बांधायला घेतली.

"सायेब, ती पावन्यापुरती हाय," लंकाबाई सुई न थांबवता म्हणाली. "कारखान्याला जात्यात त्या मागं हायत, ताडपत्रीखाली."

आबासाहेब खो खो हसले. "अडाणी बाई आहे हो. तिला काय कळतंय!"

"व्हय, अडानी हाय. म्हनून तर म्हंते, काट्यावर घाला."

माधवराव सरबत तसंच ठेवून मागं गेले. ताडपत्री काढली. पाच गाद्या काट्यावर चढवल्या. एकही वजनात बसेना. आबासाहेब काट्यालाच नावं ठेवत होते. काटा त्यांचाच होता.

परवाना गेला. लंकाबाईचं काम त्याच दिवशी गेलं. आबासाहेबांना लाज वाटली असेल, असं कुणी समजू नये. पावसाळा कोरडा जाईपर्यंत त्यांनी नवा शिक्का करून घेतला: 'तपासलेला उत्तम माल'. तपासला कुणी? त्यांनीच. आणि शिक्का दिसला की डोळे मिटून सही करणारे खरेदीवाले अजून होतेच.

लंकाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. एकदा कानिफनाथ भाकरी घेऊन आला आणि कळवळून म्हणाला, "काय मिळालं गं तुला बोलून?"

"काटा बघताना त्याचं तोंड बघाया मिळालं की," ती म्हणाली आणि पोटभर हसली.