वेगळी यादी

मी सातवीत शाळा सोडली. गावापासून लांब, कानडी मुलखात बेळ्ळंदूरच्या एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे. चौथ्या मजल्यावरच्या पुण्याच्या ताईंनी मला एक जाडजूड मराठी कादंबरी वाचायला दिली, नाझींनी ज्यूंचे जे हाल केले त्यावरची. ओळीवर बोट ठेवून वाचायला दोन महिने लागले. छावणीची पानं वाचवत नव्हती, पण डोक्यात राहिला तो एका इमारतीचा दरवान. पोलिसांनी मागितली म्हणून, ज्यू कुठल्या घरात राहतात त्याची यादी त्याने सुवाच्य अक्षरात लिहून दिली. त्याने कुणाला बोटही लावलं नाही. त्यालाही माझ्यासारखीच नोकरीची काळजी होती.

गेल्या महिन्यात कमिटीतले एक साहेब गेटवर आले. "कामाला येणाऱ्या बायकांमध्ये मुसलमान कोण कोण, त्यांची वेगळी यादी कर."

मी गेटवरची वही पुढे केली. म्हटलं, "सगळ्यांची नोंद एकाच वहीत होते साहेब. वेगळी यादी मी नाही करणार."

"शिक्षण किती तुझं?"

"सातवी."

"मग दुसरी नोकरी कोण देणार तुला?"

"कोणी नाही देणार साहेब. तरी नाही करणार."

ताईंना सांगितलं तर त्याच घाबरल्या. "अहो, वेळ जावा म्हणून दिलं होतं मी पुस्तक." मी म्हटलं, उपकार झाले तुमचे.

साहेब अजून काही बोललेले नाहीत, नुसते बघत जातात. कदाचित परत यावं लागेल, असं बायकोला गावी फोन करून सांगून ठेवलंय. यादी मात्र देणार नाही.