खाकी कव्हरातले अंक

न्हावऱ्याच्या वाचनालयात मुलांची मासिकं माऊलीआप्पाच निवडायचे. थोरांची चरित्रं, सामान्यज्ञान असले अंक खाकी कव्हर घालून कपाटात ठेवायचे. पोरं मात्र समोर रोहनच्या सलूनात भुतांच्या गोष्टींचे, कोड्यांचे फाटके अंक वाचत बसायची. आप्पांचा नुसता जळफळाट व्हायचा.

"केस कापायचे सोडून ह्याला कशाला नसत्या उठाठेवी?"

शेवटी दाढीचं निमित्त काढून आप्पा सलूनात शिरले. चुका काढायच्या म्हणून त्यांनी एक अंक उघडला.

थोड्या वेळानं रोहननं हाक मारली, "आप्पा, तुमचा नंबर."

"दुसऱ्याला घे आधी," आप्पा मान वर न करता म्हणाले.

त्यांच्या खांद्यावरून वाचणारी छोटी गौतमी वैतागली, "आप्पा, पान उलटा की! माझं कवाच वाचून झालंय."